माझा अनुभव : पातळ कॉर्निया आणि लेसर शस्त्रक्रिया

लेसरने चष्म्याचा नंबर घालवायचे ठरवले तेव्हा माझी कल्पना अशी होती की सकाळी जायचे, दुपारी परतायचे आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याविना कामाला लागायचे. लॅसिक ही नेहमीची लेसर शस्त्रक्रिया झालेल्या बऱ्याच जणांचा अनुभव साधारण असाच असतो. माझे तसे होणार नाही, हे आधीच्या तपासणीतच कळले.

तपासणीपूर्वी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला सांगितले होते, कारण लेन्सच्या वापराने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागाचा, आकार किंचित बदललेला असतो आणि त्यावर केलेली मोजणी चुकू शकते. कॉर्नियाचा नकाशा, त्याची जाडी, डोळ्यांतला ओलावा आणि शेवटी बाहुल्या मोठ्या करून पडद्याची तपासणी, यात अर्धा दिवस गेला. माझा नंबर उणे साडेपाच आणि कॉर्नियाची जाडी 480 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निघाली. सर्वसाधारणपणे ती 540च्या आसपास असते. डॉक्टरांनी कागदावर सरळ वजाबाकी मांडली : फ्लॅपचे, म्हणजे लॅसिकमध्ये कापून उचलायच्या कॉर्नियाच्या पातळ झडपेचे, 110, लेसरने झिजवायचे सुमारे 80, खाली उरले 290. निदान 300 तरी शिल्लक राहावेत, असा त्यांचा आग्रह होता, कारण फार पातळ उरलेला कॉर्निया पुढे फुगून वेडावाकडा होण्याचा धोका असतो. म्हणून फ्लॅप न करता वरचा पेशींचा नाजूक थर तेवढा काढून लेसर देण्याची पद्धत, म्हणजे पीआरके, त्यांनी सुचवली. दहा मायक्रॉनांसाठी एवढी काटेकोरी मला तेव्हा जाचक वाटली होती.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. भूल फक्त थेंबांची होती आणि पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावलेला होता. वरचा थर निघताना समोरचा लुकलुकणारा दिवा पाण्याखाली असल्यासारखा विस्कटला, मग टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास आला. हा लेसर उष्णतेने जाळत नाही, ऊतींमधले रासायनिक बंध तोडतो, हे आधी वाचलेले असूनही त्या वासाने मी दचकलेच. डोळा थोडा हलला तरी यंत्र त्याचा माग ठेवते आणि फार हलला तर लेसर आपोआप थांबतो, हे मात्र त्या क्षणी आठवले. प्रत्येक डोळ्याला लेसर मिनिटभरही लागला नाही. शेवटी मलमपट्टीसारखी एक लेन्स बसवून मला घरी सोडले.

खरी परीक्षा पुढच्या तीन दिवसांत होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपखूप, सतत पाणी, आणि मोबाइलचा उजेडही सहन होईना. थेंबांच्या दोन बाटल्या सारख्याच आकाराच्या असल्याने धाकट्या भावाने प्रतिजैविकाच्या बाटलीला रबरबँड गुंडाळून दिला, तेव्हा कुठे मला त्या चाचपून ओळखता येऊ लागल्या. तिसऱ्या रात्रीनंतर दुखणे ओसरले आणि पाचव्या दिवशी, थर भरून आल्याची खात्री करून, लेन्स काढली.

तरीही दिसणे लगेच स्वच्छ झाले नाही. पहिले दोन आठवडे अक्षरांना सावल्या असत, आणि एक दिवस बरे दिसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा धूसर. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसत, म्हणून दीड महिना मी रात्री गाडी चालवली नाही. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत तीन महिने चालले. त्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून तो मध्ये मध्ये तपासून घ्यावा लागला. कॉर्नियावर धूसरपणा येऊ नये यासाठी उन्हात गॉगल सक्तीचा होता. कोरडेपणाने मात्र सहा महिने पिच्छा पुरवला, कारण लेसरने कॉर्नियातले बारीक मज्जातंतू तुटतात आणि ते पूर्ववत होईपर्यंत अश्रूंचे चक्र मंदावते.

शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वीच्या मोजण्यांची प्रत हातात दिली आणि ती जन्मभर जपून ठेवायला सांगितली. पुढे मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लेसरने बदललेल्या कॉर्नियावर नेहमीची सूत्रे चुकतात, आणि तेव्हा हे जुने आकडे उपयोगी पडतात. ती प्रत मी घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे.