उतरायच्या आधी

रविवार, रात्रीचे साडेनऊ

डाव्या दंडावरचा स्पर्धेचा नंबर, ११७, अजून गेलेला नाही. पहाटे एका स्वयंसेवक मुलीने जाड मार्करने लिहिला होता. दोनदा साबण लावला तरी निळसर उरलाय. राहू दे.

आकडे आधी लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. पोहणं ७५० मीटर, २४ मिनिटं. सायकल २० किलोमीटर, ५१ मिनिटं. धावणं ५ किलोमीटर, ३४ मिनिटं. उरलेली सहा मिनिटं टॉवेल, बूट, हेल्मेट यांत गेली. एकूण एक तास ५५. तिन्ही एकापाठोपाठ एक करायची ही ट्रायथलॉन, त्यातल्या या छोट्या अंतराला स्प्रिंट म्हणतात. ऑलिंपिकमध्ये २००० सालापासून जी ट्रायथलॉन होते तिच्या बरोबर निम्मं अंतर. आज मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र त्या सहा मिनिटांनी आणि त्यांच्या आगेमागे जे घडलं त्याने.

फेब्रुवारीतली नाशिकची पहाट. तलावावर वाफ तरंगत होती, पाय बुडवला तर पोटरीपर्यंत कळ गेली. एका लेनमध्ये आम्ही पाच जणी. मागचीला पुढे जायचं असेल तर तिने तळपायाला हलकेच बोट लावायचं आणि पुढचीने भिंतीपाशी थांबून वाट द्यायची, असं ठरलेलं. माझ्या पायाला दोनदा बोट लागलं, दोन्ही वेळा मी थांबले. सहा महिने सकाळी सहाला याच थंड पाण्यात सरावाला उतरत होते, त्यामुळे श्वास लवकर लयीत आला. ५० मीटरचे १५ लॅप. नवव्यानंतर मोजणं सुटलं, पण काठावर कागद घेऊन बसलेला मुलगा मोजत होता. त्याने एक बोट दाखवलं तेव्हा कळलं, शेवटचा.

इथेच चुकले. सर सारखे सांगायचे, ‘शेवटच्या लॅपला पाय जोरात मारा. इतका वेळ तुम्ही आडव्या असता, सगळं काम हातांनी केलेलं असतं. एकदम उभ्या राहिलात की रक्त खाली उतरतं आणि डोकं गरगरतं. पायांना आधी जागं करा.’ ऐकलेलं होतं, समजलेलंही होतं. संपल्याच्या आनंदात विसरले. शिडीवरून वर आले आणि समोरचा मांडव तिरका झाला. कठडा धरून दहा आकडे मोजले. शेजारून एक विशीतली मुलगी ओल्या पायांनी धावत गेली. मी चालतच सायकलपाशी पोहोचले. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम. बोटं इतकी गारठलेली की बक्कल तिसऱ्या खेपेला लागलं.

मग त्र्यंबक रोड.

या रस्त्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. माझ्या आधी तो बाबांचा आहे. सातपूरच्या कारखान्यात बाबा लेथवर होते. पंचवटीतून सायकलने निघायचे, सातच्या पाळीला. थंडीत मफलर, पावसात घोंगडी, कॅरिअरला डबा. पुढे कंपनीची बस सुरू झाली तरी काही वर्षं त्यांनी सायकल सोडली नाही. बस चुकली की खाडा पडतो, सायकल कधी चुकत नाही, असं म्हणायचे. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ती मोठी सायकल शर्यत पुरी केली, तेव्हा पेपरातलं कात्रण त्यांनी कपाटाच्या आतून चिकटवलं होतं. माझी गिअरची सायकल त्यानंतरची. घेतली तेव्हा बाबांनी आधी चेन हातात धरून पाहिली.

सराव सुरू केला तेव्हा मी त्यांना सांगितलं की सायकलवरून उतरून लगेच धावलं की पाय आपले वाटत नाहीत. मांड्या लाकडासारख्या होतात, पावलं आखूड पडतात. त्यांनी जरासुद्धा विचार न करता सांगितलं, ‘अगं, शेवटी जोर लावत असशील. आयटीआय सिग्नल मागे पडला की मी नुसते पाय फिरवायचो. हलके. जोर लावत गेटपर्यंत गेलं की मशीनपाशी मांड्या थरथरतात, आणि मग पुढचे आठ तास उभं राहायचं असतं.’ सरांनी आठवडाभराने हेच सांगितलं. हलका गिअर टाका, शेवटचा किलोमीटर पाय भरभर फिरवा, म्हणजे धावण्याची लय आधीच पायात येते.

जाताना रस्ता त्र्यंबककडे हळूहळू चढतो. गाडीतून जाताना हा चढ कधी कळला नव्हता. पुढच्याच्या आडोशाला चिकटून चालवायला मनाई, त्यामुळे वारा प्रत्येकीने आपापला अंगावर घ्यायचा. सातपूरला पाळीची माणसं डबे घेऊन रस्ता ओलांडायला थांबलेली. एका काकांनी हात वर केला. बेळगाव ढग्याच्या अलीकडे वळसा, तिथून उतार. अंजनेरीकडे पाठ फिरली आणि समोरून ऊन अंगावर आलं. इतकं बरं वाटलं की मी जोरात ‘आहाहा’ म्हणाले, आजूबाजूला कुणी नसताना.

परत येताना सिग्नलच्या कोपऱ्यावर बाबा उभे होते. येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ७४ वय, गुडघा दुखतो. स्वेटर, कानटोपी, हातात काठी. टाळ्या वाजवल्या नाहीत, नावाने हाक मारली नाही. मी समोरून जाताना फक्त पंजा खाली दाबल्यासारखा केला. हळू. हलके.

दोन गिअर खाली आणले. मागून दोघी पुढे गेल्या, जाऊ दिल्या. पाय नुसते फिरत राहिले, चेनचा बारीक आवाज तेवढा ऐकू येत होता. रेषेच्या आधी उतरले, सायकल ढकलत आत नेली, अडकवली, मग हेल्मेट काढलं. गोल्फ क्लबच्या मैदानाकडे धावायला लागले तेव्हा पाय जड होते, पण माझे होते. साधारण पाचशे मीटरनंतर टाच नीट पडायला लागली. सरावात याला दीड-दोन किलोमीटर लागायचे.

धावण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऊन चढलं, तिसऱ्या किलोमीटरला कुशीत कळ आली, श्वास लांब सोडत राहिले तशी गेली. एक शाळकरी मुलगी पाण्याचे पेले देत होती. ‘मावशी, कविता राऊतपण इथेच पळायची,’ म्हणाली. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सावरपाड्याच्या कविताने १०,००० मीटरचं कांस्य घेतलं, तेव्हा ही मुलगी जन्मलीही नसेल. तिच्या तोंडून ते नाव ऐकून घशाशी आलं.

घरी आल्यावर आईने दृष्ट काढली. बाबांनी पदक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, टेबलावर ठेवलं.

‘पाण्यातून वर आलीस तेव्हा काय झालं होतं?’

मी चकित झाले. ते तलावापाशी पण होते तर. जाळीबाहेर, अंधारात, मला न सांगता.

‘चक्कर आली. पाय मारायचे विसरले.’

‘हं,’ म्हणाले. मग फडकं आणि तेलाची बाटली घेऊन खाली गेले. आता मी हे लिहितेय तर जिन्याखालून पेडल उलटं फिरवल्याचा आवाज येतोय. मधेच थांबतो, परत सुरू होतो.