अथेन्सचे घुबड

आज अथेन्सच्या नाणेसंग्रहालयात, म्हणजे ट्रॉयचे उत्खनन करणाऱ्या श्लीमानच्या जुन्या घरात, सकाळी शिरलो तो दुपारीच बाहेर पडलो आणि त्यातला बराच वेळ एकाच काचेसमोर गेला. तिथे इसवी सनपूर्व ५व्या शतकातील अथेन्सची चार द्राख्मांची (द्राख्मा हे ग्रीकांचे जुने चलन) चांदीची नाणी होती. सुमारे १७ ग्रॅम वजनाचे, लहान पण चांगले जाड असे हे नाणे. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेन्सची देवी अथीना, दुसऱ्या बाजूला टक लावून पाहणारे घुबड, त्याच्यामागे ऑलिव्हची डहाळी आणि इवलीशी चंद्रकोर. चेहरा एका बाजूने कोरलेला असूनही अथीनाचा बदामी डोळा समोरून दिसावा तसा काढला आहे आणि मला तोच सर्वांत आवडतो. एका घुबडाच्या अंगावर छिन्नीचा खोल घाव होता. आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्या काळी नाणी अशी कापून बघत. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतून ही चांदी गुलामांनी काढली, हेही विसरता येत नाही. आपल्याकडच्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांतले ‘द्रम्म’ हे नाणे आणि रोजच्या बोलण्यातला ‘दाम’ हे या द्राख्म्याचेच वंशज आहेत. उद्या विमान संध्याकाळचे आहे, त्यामुळे सकाळी पुन्हा त्याच काचेसमोर उभा राहणार आहे.