नाव ठेवणे

लिलिपाँड या नोटेशन छापणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये स्वर काढायचे नसतात, टाइप करायचे असतात. साधी मजकुराची फाइल लिहून द्या, तो सुबक छापील नोटेशन मांडून देतो. चार ओळींच्या चालीपुरतं हे सुखच. पण मी चार आवाजांचं समूहगीत पियानोसकट लिहायला घेतलं आणि फाइलमध्ये महिरपी कंसांचं रान माजलं. अल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची, एक चुकलेली मात्रा शोधायला टेनरच्या, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाच्या, अंतऱ्यातून वाट काढत जावं लागे.

उपाय दिसायला किरकोळ: प्रत्येक तुकड्याला नाव ठेवायचं. वर ‘अल्टो’, बरोबरचं चिन्ह, कंसात तिचे स्वर. शब्द वेगळ्या नावाखाली. पट्टी आणि ताल सगळ्यांचे एकच, म्हणून ते ‘ग्लोबल’मध्ये. खाली मग उलटी तिरपी रेघ आणि नुसतं नाव. तीच अल्टो पूर्ण स्कोअरमध्येही, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र नोटेशनमध्येही येते आणि तिच्या एकटीच्या कागदावरही. चूक एकदाच दुरुस्त करायची.

याला व्हेरिएबल म्हणतात, शाळेच्या गणितातलं ‘चल’. ते खरंच चळतं. ‘रिलेटिव्ह’ पद्धतीत प्रत्येक स्वर आधीच्या स्वराला जवळच्या सप्तकातला धरला जातो. सा ते ध असा तुकडा त्या पद्धतीत लागोपाठ दोनदा बोलावला, तर दुसऱ्या वेळी गाडी तार सप्तकात! धैवताला जवळचा षड्ज वरचाच ना. ‘रिलेटिव्ह’ तुकड्याच्या आत लिहिलं की खोड जाते, हे मला तिसऱ्या फाइलला कळलं.

नावांचेही नखरे. अंक सरळ चालत नाहीत, म्हणून पहिलं व्हायोलिन अक्षरी ‘वन’ लावून मिरवतं. एकदा आळसाने पियानोच्या भागाला नुसतं ‘पी’ म्हटलं. पण ‘पी’ ही हळू आवाजाची खूण, आणि तीही आत एक नावच. माझ्या ‘पी’ने तिला हुसकलं. गायकांना जिथे जिथे ‘हळू’ सांगितलं होतं, तिथे तिथे अख्खा पियानो येऊन बसला.

परवा जुनी फाइल उघडली. ‘तुकडा’, ‘नवातुकडा’, ‘नक्कीशेवटचा’. नाव ठेवणारा मी, आता नावं ठेवणाराही मीच. ‘नवातुकडा’ तर खाली कुठे बोलावलेलाच नव्हता. पुसायला गेलो, सहज गुणगुणून पाहिला, आणि राहू दिला.