मानेची डावी बाजू, बोअरचे पाणी आणि रद्द झालेली खरेदी

दाढी करताना डाव्या जबड्याखाली होणारी आग अखेर थांबली आहे, आणि ती ब्लेड, कोन किंवा रेझर बदलून नव्हे, तर पाणी बदलून थांबली आहे. मागच्या नोंदीत पार्कर व्हेरिएंट हा नवा रेझर मागवण्याचा जो बेत जाहीर केला होता, तो त्यामुळे तूर्तास रद्द समजावा. गॅप, म्हणजे ब्लेडलगतची फट, कमी-जास्त करता येणारा रेझर ही हौसेची वस्तू खरीच. परंतु ज्या दुखण्यावर उपाय म्हणून तो येणार होता, ते दुखणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

दुखण्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. मर्कुर ३४सी या माझ्या सध्याच्या रेझरने गालांवर केसांच्या कलाने, आडवे आणि कलाविरुद्ध असे तिन्ही पास, म्हणजे रेझरचे फेरे, बिनबोभाट होतात. उजव्या मानेवरही आता हात निर्धास्त चालतो. डाव्या जबड्याखाली मात्र केसांचा कल एकदम कानाकडे वळतो, तिथे लहानसा भोवराच आहे, आणि त्या दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर तुरटी फिरवली की डोळ्यांत पाणी उभे राहत असे. सेव्हन ओ'क्लॉक, ॲस्ट्रा आणि फेदर अशी तिन्ही ब्लेडे लावून झाली. फेदरच्या धारेची कीर्ती खोटी नाही, पण माझ्या मते रोजच्या दाढीला आपले सेव्हन ओ'क्लॉक अधिक समजूतदार ब्लेड आहे, आणि किमतीतला फरक पाहता तर प्रश्नच मिटतो. आग मात्र तिन्ही ब्लेडांना सारखीच होत होती.

खरे कोडे असे होते की ही आग रोज होत नसे. ब्लेड तेच, साबण तोच, हातही तोच, आणि तरी एके दिवशी मान स्वच्छ, तर पुढच्या खेपेला लाल चट्टा. दोष ब्लेडचा असता तर ब्लेड जुने होईल तशी आग वाढत गेली असती, आणि दोष कोनाचा असता तर सराव वाढेल तशी ती कमी झाली असती. येथे ती पाहुण्यासारखी येत-जात होती.

धागा सापडला तो स्वयंपाकघरात. गीझर बंद पडला होता, म्हणून ओट्यावरच्या पातेल्यातले पाणी मी मगात घेऊन गरम करायला ठेवले, तोच आईने हटकले, "अरे, ते नर्मदेचं पाणी डाळीसाठी भरून ठेवलंय, ते दाढीला कशाला घेतोस? बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, माहीत आहे ना तुला?" त्या दिवशी बाउलमध्ये फेस नेहमीच्या निम्म्या वेळात उभा राहिला, आणि तोही असा की ब्रश उचलल्यावर त्याचे टोक वाकून तसेच टिकले. दाढी संपेपर्यंत डाव्या मानेवरचा लेप ओलसर होता. तुरटीने अवाक्षर काढले नाही.

इंदूरकरांना यापुढचे सांगायला नकोच. नर्मदाकाठच्या जलूदहून नदीचे पाणी शहरात १९७८ पासून येत आहे, पण नळाला ते एक दिवसाआड येते. हौदातले संपले की बोअर सुरू होते आणि दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत चढते. म्हणजे माझ्या बेसिनच्या नळाला कधी नर्मदा असे, कधी बोअर आणि कधी दोहोंची खिचडी, आणि आगीचे येणे-जाणे त्याच तालावर चालले होते. फक्त डावी बाजूच का, याचेही उत्तर मिळाले. मी उजव्या गालापासून सुरुवात करतो आणि डावी मान सर्वांत शेवटी येते. बोअरच्या पाण्यातला फेस तोवर बसून, वाळून, नावापुरता उरलेला असे, आणि अवघड कलाच्या त्या पट्टीची अक्षरशः बिनपाण्याने हजामत होत असे.

कारण रसायनाचे आहे. दाढीचा खरा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियम क्षार. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या साबणाला पकडून न विरघळणारा चिकट साका तयार करतात, आणि ते पुरते खर्ची पडेपर्यंत फेस धरत नाही. म्हणून अशा पाण्यात ब्रश साबणावर दुप्पट वेळ फिरवला तर काम थोडेफार निभते, कारण आधीचा साबण पाण्याची खंडणी भरतो आणि नंतरचा फेस देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगा धरला आहे. तेव्हा पिण्याला बिनधोक असलेले पाणी साबणाला पार नालायक असू शकते.

खात्रीसाठी बाटलीची चाचणी केली. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरल्या, एकीत नर्मदेचे पाणी आणि दुसरीत बोअरचे, दोहोंत दाढीच्या साबणाचा किसलेला सारखाच चुरा टाकला आणि एकदमच हलवल्या. नर्मदेच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत आला. तिचे पाणी काही अगदी मृदू नव्हे, पण निभावण्याइतके आहे. बोअरच्या बाटलीत पाणी दुधी झाले, वर विरळ बुडबुडे फुटत राहिले आणि काचेच्या कडेला राखाडी कण चिकटले. ही चाचणी भांडी घासण्याच्या द्रवाने करू नये, कारण त्यात डिटर्जंट असते आणि ते कठीण पाण्यातही खुशाल फेसाळते. टीडीएस मीटरवरही विसंबू नये. तो विरघळलेल्या सर्वच क्षारांचा अंदाज देतो, त्यांतला कठीणपणा किती हे त्याला कळत नाही.

येथे एक जुने मत बदलावे लागत आहे. नळीतल्या स्वस्त क्रीमला आपण सारेच नाके मुरडतो, पण बोअरच्या दिवशी तेच क्रीम महागड्या हस्तनिर्मित साबणाला मागे टाकत होते. दोहोंची वेष्टने शेजारी ठेवून वाचली तेव्हा क्रीमच्या यादीत टेट्रासोडियम ईडीटीए आढळले, आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवण्यासाठीच घालतात. हस्तनिर्मित साबणाच्या विक्रेत्याने मात्र 'कोणतेही रसायन नाही' असे मोठ्या अभिमानाने छापले आहे. त्याच्या गावचे पाणी गोड असावे.

ब्रशचीही तपासणी झाली. डुकराच्या केसांच्या माझ्या ब्रशच्या बुडाशी तोच राखाडी साका बसला होता, बोटाने केस फाकवल्यावर तो मेणासारखा लागे. कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून ब्रश बुडवून ठेवला, नंतर नर्मदेच्या पाण्याने धुतला, आणि केस पुन्हा मोकळे झाले. आता तो पाणीही अधिक धरतो.

उपाय वरवर सोपा आहे. फेसाला पाणी कपभरच लागते, ते आईच्या पातेल्यातून, तिची परवानगी घेऊन, मिळते. अडचण अशी की दोन पासांच्या मध्ये चेहरा पुन्हा ओला करायला नळाचे गरम पाणी लागते, आणि बोअरचा तो एक हबका चांगला जमलेला दुसरा लेप बिघडवतो. बोअरचे पाणी उकळून, निवू देऊन, वरचे निवळ घेतले तर बराच फरक पडतो, कारण बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा उकळल्यावर पांढऱ्या थराच्या रूपाने खाली बसतो. सल्फेटचा मात्र बसत नाही. पण रोज सकाळी कोण हा उद्योग करणार?

म्हणून सियागंजच्या बाजारातून लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणले आणि चिमूटभर मगात टाकले. फेस उभा राहिला खरा, पण पातळ आणि निसरडेपणा नसलेला. हे अपेक्षितच म्हणायचे, कारण आम्ल जास्त झाले की साबण फुटून त्याचे पुन्हा स्टिअरिक आम्ल होते. चिमूट कमी करत जाण्याचे प्रयोग पुढे करायचे, असे वरचे वाक्य लिहीपर्यंत ठरवले होते. परंतु लिहिता लिहिता सुचते आहे की आम्लाची गरजच नाही, हवा आहे तो सायट्रेट. लिंबूफूल आणि खाण्याचा सोडा वजनाने ३ला ४ या प्रमाणात पाण्यात कालवले की फसफसून सोडियम सायट्रेट तयार होते, आणि ते साबणाला न दुखावता कॅल्शियम बांधते. हिशेबाने ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या एका लिटरला किमान पाऊण ग्रॅम पुरावे. घरात दोन्ही वस्तू आहेत, स्वयंपाकघरातला वजनकाटाही आहे.

तेव्हा व्हेरिएंटऐवजी आता मत्स्यालयवाले वापरतात तो कठीणपणा मोजण्याचा थेंबांचा संच घेणार आहे, आणि त्याच्या आकड्यावरून सायट्रेटचे माप ठरवणार आहे. चाचणी मुद्दाम बोअरच्या दिवशी, हस्तनिर्मित साबणाने आणि नव्या सेव्हन ओ'क्लॉकने होईल, आणि डावी मान नेहमीप्रमाणे शेवटीच घेईन. ती आधी उरकली तर निकालाला अर्थ राहणार नाही. दरम्यान ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या वाचक मंडळींनी आपापल्या नळाच्या पाण्याची बाटली हलवून पाहावी, आणि निकाल कळवताना साबणाच्या वेष्टनावर ईडीटीए आहे की नाही तेही अवश्य लिहावे.