बाझलचा वकील आणि त्याचा खजिना

परवा जर्मन चित्रकार होल्बाइनचं ते आडवं, लांबलचक चित्र बघत होते, कबरीतला मृत ख्रिस्त, आणि हे जपलं कोणी हे शोधता शोधता बासिलियस आमेरबाखपाशी पोचले. जन्म १५३३, गाव स्वित्झर्लंडमधलं बाझल. आजोबा छापखानेवाले, वडील बोनिफाशियस कायद्याचे प्रोफेसर आणि प्रख्यात विद्वान इरॅस्मसचे जिगरी दोस्त, इतके की इरॅस्मसने आपली इस्टेटच त्यांच्या नावाने केली. म्हणजे घरात भारी वस्तू आधीच होत्या, पण खरं वेड मुलाचं! हा पण कायदाच शिकला, इटलीत वगैरे जाऊन, मग बाझललाच शिकवायला लागला. लग्नानंतर थोड्याच काळात बायको गेली, मूलही गेलं, आणि मग (हा माझा अंदाज हं) सगळा जीव त्याने चित्रं, स्केचेस, नाणी, सोनारांचे साचे यात ओतला. नुसतं जमवलं नाही, १५८६ मध्ये व्यवस्थित यादी केली, वकीलच शेवटी. शिवाय जवळच्या आउग्स्टला रोमन थिएटरच्या अवशेषांची मापं घेतली ती वेगळीच.

१५९१ ला तो वारला, सगळं बहिणीच्या मुलाकडे गेलं. पुढे कलेक्शन अ‍ॅमस्टरडॅमला विकलं जाणार असं दिसल्यावर १६६१ मध्ये शहर आणि युनिव्हर्सिटीने मिळून ९००० थालर (तेव्हाची चांदीची नाणी) मोजून ते घेतलं, आणि १० वर्षांनी लोकांना बघायला खुलं केलं.