बेथलेहेमात उत्सव नव्हता त्या वर्षी

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळच्या तयारीची बैठक बसली, तेव्हा पहिला विषय रोषणाईचा नव्हता, मणिपूरचा होता. मे महिन्यापासूनच्या हिंसाचारात तिथे चर्चेस जळाली होती, माणसं छावण्यांत राहत होती. त्यात गाझामधलं युद्ध. बेथलेहेमच्या चर्चपुढाऱ्यांनी यंदा सार्वजनिक उत्सव करायचा नाही असं ठरवलं होतं. तिथल्या लुथरन चर्चमध्ये गव्हाणीच्या जागी दगडविटांचा ढिगारा रचून त्यात बाळ येशू ठेवला होता. तो फोटो आमच्या प्रत्येकाच्या फोनवर आला होता. तरुण मुलं म्हणाली, यंदा कॅरोल फेरी नको. त्यावर मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "गाणी कशाला बंद करता रे? देवदूत गायले तेव्हा हेरोद काय मेला होता?" हेरोद म्हणजे येशू जन्मला तेव्हाचा तिथला जुलमी राजा.

बैठक तिथेच संपली, फेरी निघाली. पण मला काही ते पटलं नव्हतं. देवदूतांच्या गाण्यातल्या 'पृथ्वीवर शांती' या ओळीशी आलं की माझा आवाज बसायचा.

मी मिरजेच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागात सिस्टर आहे. हे काम आमच्या घरात जुनं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत जो दवाखाना उभा केला, तिथे माझी आजी नर्सिंग शिकली. त्या वर्षी २४ डिसेंबर रविवारी आला होता. सकाळी उपासना झाली आणि रात्रीची ड्युटी माझी लागली.

रात्री दहाच्या आत १०८ ची गाडी आली. कृष्णाकाठच्या फडातून आणलेली ऊसतोड टोळीतली बाई, बरोबर नवरा आणि सासू. माणसं बीड जिल्ह्यातली, धारूर तालुक्यातली. तिसरी खेप. त्याआधी जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड नाही, तपासण्या नाहीत, आम्ही जोखीम घेणार नाही, असं सांगून त्यांनी दारातूनच पुढे पाठवलं होतं. कार्ड होतं, पण गावाकडच्या पेटीत.

त्या साली सरकारने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले होते. त्यात धारूर होता आणि आमचा मिरज तालुकाही होता. फरक एवढाच की आमच्याकडे कृष्णा आहे, म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून ही माणसं येतात. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नोव्हेंबरात ऊसदराच्या आंदोलनात तोडी अडल्या, तेव्हा टोळ्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, बसून राहिल्या आणि बसून खाल्लेलं उचलीवर चढत गेलं. मग तोडी सुरू झाल्यावर कोण थांबणार? थांबलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. ही बाई त्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यावर मोळ्या वाहत होती. गाडीत भरायच्या मोळ्या, शिडीवरून चढून.

तिचं हिमोग्लोबिन सहाच्या आसपास होतं. सातच्या खाली गेलं की आम्ही सगळेच सावध होतो, कारण अशा बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. डॉक्टर मॅडमनी लगेच रक्तपेढीला फोन लावला.

बाळ बाराच्या सुमारास झालं. मुलगी. चांगली रडली. आणि वार पडल्यावर रक्त थांबेना.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगते, गर्भाशय आकसलं नाही तर रक्त थेंबाथेंबाने जात नाही, वाहतं. एकीने पोटावरून गर्भाशय चोळत राहायचं, दुसरीने सलाईनच्या दोन लाइन लावायच्या, ऑक्सिटोसिन द्यायचं, भिजलेले कपडे मोजत राहायचं. मी चोळत होते. तिचे ओठ पांढरे पडत होते आणि ती एकच विचारत होती, "बाई, लेकरू कुठंय?"

बाळाला तिच्या छातीवर ठेवायचं असतं, ऊब मिळावी म्हणून. ते शक्य नव्हतं. सासूला चक्कर आलेली. मी आयाबाईंना म्हटलं, बापाला हात धुऊन आत घ्या, शर्ट काढायला सांगा. तो आला तो भिंतीला टेकूनच उभा राहिला. हातभर उसाच्या पाल्याचे चरे, बोटांना चिकटपट्ट्या. म्हणाला, "माझे हात लई खरखरीत हायेत सिस्टर, टोचतील तिला." मी ओरडलेच, "हात नाही, छाती लागते. बस खाली." आयाबाईंनी पोर त्याच्या छातीवर ठेवली, वरून चादर टाकली. तो तसाच बसून राहिला, हात अधांतरी धरून. पुष्कळ वेळाने त्याने एक हात तिच्या पाठीवर टेकवला.

नाताळच्या गाण्यांत योसेफ, मरियेचा नवरा, फारसा नसतो. बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत त्याचं एक वाक्यही नाही. परक्या गावी, बादशहाच्या नोंदणीसाठी, दिवस भरलेल्या बायकोला घेऊन दारोदार जागा विचारणारा तो माणूस काय बोलला असेल, याचा विचार इतक्या वर्षांत मी केला नव्हता.

प्रार्थना केली का, असं मंडळीत पुष्कळांनी विचारलं. केली. हात चालू होते आणि मनात 'प्रभू, हिला ठेव' एवढंच चालू होतं. रक्ताची पिशवी आली, औषधाने काम केलं, हाताखाली आकसलेल्या गर्भाशयाचा घट्ट गोळा लागला. पहाटेपर्यंत दुसरी पिशवीही चढली. ती वाचली.

पुढच्या रविवारी मला उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, उभं केलं. कुणीतरी म्हणालं, चमत्कार म्हणून सांगा. मी तसं सांगितलं नाही. ज्याने ते रक्त दिलं तो कोणत्या धर्माचा, कोणत्या गावचा, मला माहीत नाही. देवाने ती बाई राखली यावर माझा विश्वास आहे, आणि तिला दारातून पुढे पाठवणारी माणसंही त्याच रात्रीची आहेत, हेही मला त्याच तोंडाने सांगावं लागतं. तिला मी येशूबद्दल काही बोलले नाही. ड्युटीवर ते बोलायचं नसतं, आणि तिला त्या वेळी रक्त हवं होतं. पण आजींचं म्हणणं मला त्या रात्रीनंतर कळलं. लूकने आपल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची गोष्ट सुरू केली तीच कैसराच्या, म्हणजे रोमी बादशहाच्या, हुकमापासून. मत्तयाने तर हेरोदाने केलेली बेथलेहेमच्या तान्ह्या पोरांची कत्तलही गाळली नाही. शांती आल्यावर गायलेलं ते गाणं नव्हतंच. हेरोदाच्या राज्यात, रात्री, राखणीवर जागणाऱ्या मेंढपाळांना ते ऐकवलं गेलं. म्हणून ते यंदाही गाता येतं, आणि गायचंच असेल तर दाराशी कोण उभं आहे ते आधी बघावं लागतं.

नाताळच्या सकाळी ड्युटी संपता संपता मुकादमाचा फोन आला होता. "सिस्टर, सोडणार कधी? कोयता मोडलाय माझा." कोयता म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. मी त्याला सांगितलं, मोळी उचलायचं नाव दीड महिना काढायचं नाही. तो म्हणाला, मग खाड्याचं कोण बघणार? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याच्याशी दोनदा बोलणं केलं. खाडे निम्मे धरायला तो तयार झाला. पूर्ण माफ केले नाहीत.

टोळीत आणखी दोघी गरोदर आहेत, हे सासूने जाताना सांगितलं. फेरीत जमलेल्या पैशातून आम्ही रोषणाई केली नव्हती. त्यातून गाडी ठरवली, गावातल्या आशाताईंना बरोबर घेतलं आणि कोप्यांवर गेलो. दोघींचं रक्त तपासलं. एकीचं साडेसात निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, नवीन कार्डं केली, आणि कार्ड पेटीत न ठेवता कंबरेच्या पिशवीत ठेवायला सांगितलं.