लोणारची वारी, काळी माती अन् दादाची चालू न होणारी घडी

अकोल्याहून लोणारला जायला पातूर, मालेगाव, रिसोड असा रस्ता आहे आणि तो दसऱ्याच्या आसपासच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पातूरचा घाट चढून वर आलं की दोन्ही बाजूला सोयाबीन, कुठं सोंगून गंजी लावलेली, कुठं अजून उभं, मधेमधे तुरीचे हिरवे तास, आणि जिथं थ्रेशर चालू आहे तिथं कुटाराचा असा धुरळा की एसटीची काच लावावी तर गरमी अन् उघडी ठेवावी तर डोळ्यात कुसळं. तरी मी उघडीच ठेवते.

मामाचं गाव रिसोड सोडल्यावर लोणारच्या बाजूला. फाट्यावर मामेभाऊ गाडी घेऊन उभा होता, आणि हँडलवरचं त्याचं मनगट रिकामं, घड्याळाच्या पट्ट्याच्या जागी नुसता गोरा पट्टा उमटलेला.

"घडी कुठं हाय दादा?"

"मेली वं. चालूच होत नाही. एकाले दाखोली, तो म्हने बोर्ड गेला, फेकून दे."

ही घडी म्हणजे ते जाडजूड रगेड स्मार्टवॉच. चारी बाजूंनी रबर, मोठाले स्क्रू, डब्ब्यावर मिलिटरी स्टँडर्ड ८१० अन् ५ एटीएम लिहिलेलं, अन् बाजूला एक बारीक टॉर्च. शहरात लोक ती स्टाईल म्हणून घालतात, दादाला ती कामाला लागते. शेतीच्या फीडरवर लाईन कधी दिवसा तर कधी रात्री असते, रात्रपाळी आली की मोटर चालू करायला मध्यरात्री उठून जावं लागतं, मग फोनचा अलार्म वाजला तर लेकरं उठतात, घडीचा नुसता हातावर थरथरतो. बांधावरून जाताना एका हातात काठी, कारण साप, रानडुकरं, रोही सगळंच असतं, आणि उजेड मनगटावर असला की दुसरा हात मोकळा राहतो. त्यामुळे "इतक्या पैशात नवा फवारणी पंप आला असता" असं मामा म्हणाले तरी घडी बंद पडल्याचं दुःख त्यांनाही होतं, ते दिसत होतं.

संध्याकाळी चहा झाल्यावर ओसरीवर घडी घेऊन बसलो. माझं काम असल्या वस्तूंशीच येतं, त्यामुळे एक सवय आहे, वस्तू खरंच बंद आहे की नुसता स्क्रीन काळा आहे हे आधी बघायचं. बटण चांगलं पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं, थरथर नाही. फोनचं ब्लूटूथ लावून शोधलं, नाव येत नाही. अंधारात स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारला, आत अंधुक चित्र असेल तर असं दिसतं, तेही नाही. म्हणजे खरंच बंद. मग करंट कुठपर्यंत पोचतो ते शोधायचं. दादाने सांगितलं की आदल्या आठवड्यात नव्या वावराचा घेर मोजायला जीपीएस लावलं होतं, ते तसंच चालू राहिलं, घडी पार उतरली, अन् नेमकी लाईन नव्हती म्हणून पॉवरबँकला लावली. पॉवरबँकचा दिवा लागायचा अन् थोड्या वेळात विझायचा.

इथं बरेच लोक फसतात. घडीची बॅटरी लहान, ती करंट ओढते थोडासा, आणि बऱ्याच पॉवरबँकला एवढ्या कमी करंटमुळे वाटतं की काहीच लावलेलं नाही, म्हणून त्या आपोआप बंद होतात. त्यात लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेली असली की तिच्या आतलं संरक्षण सर्किट तिचं घडीशी असलेलं कनेक्शन तोडून टाकतं, आणि परत जागी करताना पहिले अगदी बारीक करंट जातो, तेवढ्या वेळात स्क्रीनवर काहीही येत नाही. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. आपण पाच मिनिटं बघतो आणि मेली म्हणतो. मी मामीच्या जुन्या साध्या फोनचा चार्जर मागितला, ५ व्होल्ट १ अँपिअरचा, घडीच्या बुकलेटमधेही तेवढंच लिहिलेलं असतं, आणि रात्रभर लावून ठेवली. सकाळी घडी तशीच काळी, आणि हात लावून बघितलं तर गार. चार्ज होणारी वस्तू थोडीतरी कोमट लागते. म्हणजे करंट आत जातच नव्हता.

घडी खिशात टाकून गाडीवर लोणारला निघालो, लवकर, कारण ऑक्टोबरचं ऊन दहानंतर सोसत नाही. सरोवराच्या काठावर उभं राहिल्यावर पहिली दोन मिनिटं मी काही बोलतच नाही, दरवेळेस असंच होतं. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं हे गोल विवर, बेसॉल्टच्या काळ्या खडकात उल्का आदळून झालेलं, उतारावर दाट झाडी, खाली हिरवट पाणी. २०२० च्या जून महिन्यात हेच पाणी गुलाबी झालं होतं, खारेपणा वाढून त्यात मीठ आवडणारे सूक्ष्मजीव माजले म्हणून, आणि त्याच वर्षी याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अशी जागा आपल्या बुलढाण्यात आहे याचा मला मनापासून अभिमान आहे.

तिथं एक गाईड काका शाळेच्या पोरांना चुंबक दाखवत होते. दोरीला बांधलेला चुंबक त्यांनी वाटेवरच्या मातीत फिरवला अन् वर काढला तर त्याला काळ्या केसांसारखी बारीक रेती उभी राहिलेली. बेसॉल्टमधे मॅग्नेटाईट नावाचं चुंबकाला चिकटणारं लोखंडी खनिज असतं, खडक झिजला की ते कण मातीत येतात. पोरं ओरडली, मी मात्र दादाकडे बघितलं.

"दादा, चार्जरची वायर आण बरं."

गाडीच्या डिक्कीतून वायर निघाली. या घड्यांची चार्जिंगची वायर चुंबकाने चिकटते, आणि ही वायर दादा वावरातल्या खोलीत जमिनीवर ठेवायचा. मी फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितलं, तर वायरच्या दोन पिनांभोवती तीच काळी रेती, केसांसारखी उभी. फुंकर मारून जात नाही, झटकून जात नाही, चुंबकच धरून ठेवतो तिला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वायरवरच्या पिनांना आत स्प्रिंग असते, दाबलं की आत जातात अन् सोडलं की वर येतात, त्यातली एक आतच अडकलेली. घडी वायरला टक्कन् चिकटत होती, म्हणून लागली असं वाटायचं, पण एक पिन टेकतच नव्हती. घडीच्या पाठीवर या पिना जिथं टेकतात त्या धातूच्या दोन टिकल्यांपैकी एकीवर हिरवट थर, घामाचं मीठ अन् ओल असताना चार्जिंगला लावली की असा गंज धरतो.

मला हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं की रगेड म्हणजे बॉडी रगेड. पडणं, हादरे, ऊन, धूळ याच्या चाचण्या आहेत, ५ एटीएम म्हणजे ५० मीटर पाण्याइतका दाब, हे सगळं खरं, पण चार्जिंगच्या टिकल्या उघड्याच असतात अन् या चाचण्या घडीच्या असतात, वायरच्या नाही.

बसस्टँडजवळ एक मोबाईल रिपेअरिंगचं लहान दुकान आहे, तिथला पोरगा मला एकदम भावला. बोर्ड गेला वगैरे काही बोलला नाही. आधी चिकटपट्टी दाबून दाबून रेती उचलली, मग जुन्या टूथब्रशला आयसोप्रोपाईल अल्कोहोल लावून पिना घासल्या, अडकलेली पिन आगकाडीच्या मागच्या टोकाने हळूच दाबत राहिला, दहा-बारा वेळा दाबल्यावर ती टुणकन् वर आली. घडीच्या टिकल्या शाळेतल्या खोडरबराने पुसल्या. दादाने विचारलं सुई चालली असती का, तर तो म्हणाला, "नाई भाऊ, सुईनं वरचा मुलामा निंगते, मंग गंज अजून लवकर पकडते." नवी वायर मागितली तर तेही त्याने नीट सांगितलं, दोन पिनांच्या वायरी सारख्या दिसतात पण पिनांमधलं अंतर वेगळं असतं, आणि प्लस मायनस उलटं असलं तर घडी खरंच जाते, म्हणून मॉडेल पाहूनच मागवा.

मग त्याने मधे एक यूएसबी मीटर लावला, किती अँपिअर करंट जातो ते दाखवणारा. आकडा ०.०० वरच. घडी किंचित सरकवली, ०.०३. दादा म्हणे एवढ्यानं काय होते, पोरगा म्हणे थांबा. आम्ही तिघंही त्या इवल्याशा आकड्याकडे बघत बसलो, बाहेर थ्रेशर लावलेला ट्रॅक्टर गेला तरी कुणी मान वळवली नाही. बऱ्याच वेळाने आकडा एकदम ०.२८ झाला आणि आणखी थोड्या वेळाने स्क्रीनवर लाल बॅटरी आली.

"आली वं! आली!" दादा एवढ्या जोरात ओरडला की शेजारचा पानवाला बघायला आला.

घडी तिथंच चार्जिंगला ठेवून आम्ही दैत्यसूदनाच्या देवळात गेलो, लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ, बाहेरच्या भिंतींवर इतकं बारीक कोरीवकाम की मान दुखते पण डोळे भरत नाहीत. मग गोमुखाच्या धारेवर तोंड धुतलं. पाणी गोड, अन् खाली सरोवरात खारट, एवढ्याशा अंतरात.

दुपार कलल्यावर घडी घेऊन विवरात उतरलो, कमळजा देवीच्या देवळापर्यंत. कुणीतरी पाण्यात हळद टाकून दाखवली, ती लालभडक झाली, इतकं ते पाणी अल्कधर्मी. दादा हात घालायला वाकला तेव्हा मी घडी काढून घेतली. खाऱ्या पाण्याचा हात लागलाच तर गोड पाण्याने धुवायची, पुसायची, सावलीत वाळवायची अन् मगच चार्जला लावायची. उन्हात तापवायची नाही, तापलेली असताना चार्जलाही नाही, ४५ डिग्रीच्या वर लिथियमला चार्जिंग सोसत नाही आणि आपल्याकडे मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त होतं. अन् पाठीमागचे स्क्रू तर अजिबात उघडायचे नाहीत, आतली रबराची रिंग एकदा हलली की ती घडी वॉटरप्रूफ राहत नाही.

रात्री जेवताना दादाने त्याच्या मित्राला फोन लावला, त्याचीही अशीच घडी वर्षभरापासून कपाटात पडून आहे म्हणे. मी बाजूने ओरडून सांगितलं, आधी पाठ बघ म्हणावं, फुगली असेल, काच किंवा झाकण उचललं असेल तर चार्जला लावायचीच नाही, ती बॅटरी गेली. दादाने फोनवर जसंच्या तसं सांगितलं अन् वरून म्हणाला, "फुगली नसन त रविवारी घेऊन ये, अन् वायर बी आण. पयले वायर पायतो."